पडकई सुटलेला माणूस

“स्टेबल अंजायना,” पुण्याचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे चढ चढला, ओझं उचललं की छाती आवळते आणि टेकलं की थांबते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात. आमचे हे चढावर मटकन बसले, म्हणून जुन्नरहून इथं पाठवलं होतं.

“काका, गेल्या महिन्यात किती वेळा दुखलं?”

“एकदा बी न्हाई. बरं हाय.”

आमच्या घाटघरला माणूस तिरडीवर ठेवला तरी बरं हाय म्हणेल.

“मग गोळ्या पुरतील,” डॉक्टर म्हणाले. “स्टेंट म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळी. तिनं आयुष्य वाढेलच असं नाही. ज्याला रोज त्रास होतो, त्याला नंतर जास्त बरं वाटतं. यांना त्रासच नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्याकडे उन्हाळ्यात पडकई असते. घरटी एक माणूस येतो आणि आळीपाळीनं एकमेकांच्या उतारावर दगडमाती फोडून भाताची खाचरं पाडतात. बापाऐवजी मुलगा आला तरी कुणी नावं ठेवत नाही. यांनी दोन उन्हाळे मुलाला पाठवलं आणि स्वतः ओट्यावर बसून राहिले. मग दुखणार कुठून?

मी म्हटलं, “साहेब, दुखतं का ते इचारू नका. काय काय करायचं सोडलं, ते इचारा.” आणि सगळं सांगून टाकलं. हे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी चारचौघांत त्यांची अब्रूच काढली.

डॉक्टरांनी अँजिओग्राफी केली, म्हणजे नळीतून हृदयाच्या वाहिन्यांत औषध सोडून त्यांचे फोटो काढले. मग दोन जाळ्या बसवल्या. बाहेर बाकड्यावर मला फार भीती वाटली. बोलले मीच होते. काही झालं असतं तर माझ्याच माथी आलं असतं.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “दुखणं जाईल, बाई. पण बसून गेलेली ताकद किती परत येईल, ते मला सांगता येत नाही.”

पुढच्या उन्हाळ्यात हे स्वतः पडकईला गेले. छाती आवळली नाही. पण थोडी पहार मारली आणि हात थरथरायला लागले. भावकीतल्या एकानं हळूच पहार काढून घेतली. “दादा, तुमी बसा.”

मी भाकरी घेऊन गेले, तेव्हा हे बांधावर बसले होते. म्हणाले, “आता दुखत न्हाई. पण मी कामाचा बी न्हाई राह्यलो.”

मला खोटा धीर देता आला नाही. माणूस समोर आहे, डॉक्टरांचे उपकार मानते. पण तुमच्या घरचा माणूस गुपचूप एखादं काम सोडून बसला, तर त्याच वर्षी त्याला दवाखान्यात न्या. आम्ही उशीर केला.