बायकोची चायनीज कोशिंबीर

परवा परतूरच्या बाजारात शिरक्याची बाटली फुटली, अन् त्या आंबट, व्हिनेगरच्या वासानं वारलेली बायको आठवली. शेजारणीच्या टीव्हीवर बघून तिनं एकदा सांजच्याला चायनीज कोशिंबीर केल्ती. उकडलेली कोंबडी हातानं सुटी केलेली, कच्ची पत्तागोबी, शेंगदाणे, वरून शिरका. "जल्दी झालं बघा आज," म्हणत ती शेजारणीला वाटीभर द्यायला गेली. तवर मी उरलेलं सगळं पातेल्यात ओतलं, तिखट-पाणी घालून रस्सा उकळला. ती आल्यावर म्हणलं, "कच्चा पाला खायाला मी काय बकरं हाय?" तिनं पातेल्यात बघितलं. "एक घास तरी खायाचा व्हता," एवढंच बोलली अन् भाकरी वाढली. पुन्हा तिनं नवं काही केलं न्हाई. आता सून इचारती, "मामा, जेवायला काय करू?" मला तीच कोशिंबीर खावी वाटती, पण चव कशी व्हती, ते तिला सांगता येत न्हाई.