नहीं चाले

शिर्केबेन चहात साखर घालताना चमच्यावर आलेली शीग सुरीच्या पाठीने सपाट करायच्या. कँटीनमध्ये नवा माणूस असला की तो बघतच राही. "बघता काय?" त्या म्हणायच्या. "आजोबांकडे राजाची तलवार होती. माझ्या वाट्याला ही सुरी आली."

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात तान्ह्या बाळांच्या दुधाची पावडर तयार होऊन डब्यांत भरली जाते. शिर्केबेन तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि मी माल रवाना करणारा. त्यांच्या सहीशिवाय माझा ट्रक फाटकाबाहेर पडत नसे, त्यामुळे आमची रोज जुंपायची. त्या तिथल्याच जुन्या फौजी घराण्यातल्या. पण इथे बाई कितीही मराठी असली तरी कारखान्यात तिची बेन होते, आणि माझ्यासारख्या जोश्याचा जोशीभाई.

बडोद्याचा निम्मा कारभार एका शब्दावर निभावतो: 'चालशे.' रिक्षात चौथा माणूस कोंबला, चालशे. शर्टाला वेगळ्या रंगाचं बटण लागलं, चालशे. मला हा शब्द आवडतो, त्याने बरीच भांडणं वाचतात. शिर्केबेननी मात्र तो ऐकला की चष्मा कपाळावर जायचा आणि उत्तर यायचं, "नहीं चाले." एकदा डब्यात घालायचे प्लास्टिकचे चमचे मापाला किंचित लहान आले. त्यांनी सगळे परत पाठवले.

"बेन, केसाएवढा तर फरक," मी कुरकुरलो.

"प्रत्येक बाटलीत केसाएवढा! तान्ह्या बाळाला केस असतात तरी किती, जोशीभाई?"

त्यांची खरी कसोटी लागली ती एका मोठ्या मागणीच्या वेळी. ट्रक दारात लागलेला, खोकी मी दोनदा मोजलेली, आणि शिर्केबेननी सही नाकारली. पावडरीत मिसळायचं जीवनसत्त्वांचं मिश्रण कमी पडलं होतं आणि बी-वन हवं त्याच्या निम्मंही भरत नव्हतं. त्यांनी तपासणी पुन्हा केली. आकडा हलला नाही. पावडर दिसायला, वासाला, चवीला नेहमीसारखीच होती. दुकानातून डबा नेणाऱ्या कुठल्याच आईला हे कळलं नसतं.

आम्ही दोघे कारखान्याच्या मालकांकडे, शेठकडे गेलो. शेठ अंगाने भरलेले, मनाने चांगले, आणि त्या वेळी जेवणाचा डबा उघडून बसलेले.

"बेन, फॅट बरोबर?"

"बरोबर."

"प्रोटीन?"

"बरोबर."

"जंतू?"

"माल स्वच्छ आहे."

"मग एका बी-वनसाठी ट्रक अडवता? गिऱ्हाईक हातचं जाईल. थोडं कमी-जास्त चालशे."

गिऱ्हाईक जाईल ही भीती खोटी नव्हती. मला तर रिकामा ट्रक डोळ्यांसमोर दिसू लागला. शिर्केबेननी पुढे होऊन शेठच्या डब्यातली डाळ उचलली, शाक उचललं, रोटल्याही उचलल्या. शेठपुढे उरला नुसता भात.

"जेवा, शेठ. पोट भरेल. चालशे ने?"

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. शेठ हसले. "एक दिवस चालशे, बेन."

"उद्याही हाच. परवाही हाच. सहा महिने. मध्ये फाफडा नाही, लोणचं नाही आणि घरी तक्रारही नाही, कारण बोलता येत नाही." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आपलं आज राहिलं तर उद्या भरून निघतं. ज्याला आईचं दूध मिळत नाही त्या बाळाचं ताट एकच, आणि ते आपण वाढतो. ते पोटभर पिईल, आई खूश होईल, आणि आतून ते उपाशी राहील. बी-वन नसलं तर तान्हं मूल दगावतं, शेठ."

शेठनी नुसत्या भाताचा एक घास घेतला. मग मला म्हणाले, "जोशीभाई, ट्रक रिकामा जाऊ द्या. आणि बेन, आता डाळ तरी द्या!"

त्या मालातला एकही डबा बाळापर्यंत गेला नाही. गिऱ्हाईक चिडलं, फोनवर मला नाही नाही ते बोललं. पण कारण कळल्यावर टिकलं.

गेल्या वर्षी शिर्केबेन निवृत्त झाल्या. निरोपाच्या जेवणानंतर शेठनी त्यांना चार पुडांचा स्टीलचा डबा भेट दिला. ती गंमत सगळ्यांना कळली, टाळ्या पडल्या. बेननी व्यासपीठावरच डबा उघडला, लावला, हलवून पाहिला. "शेठ, झाकण ढिलं आहे."

हशा थांबल्यावर शेठनी मला बेनबरोबर डबा बदलायला लहरीपुऱ्याच्या बाजारात पिटाळलं. दुकानदाराने झाकण अंगठ्याने दाबलं आणि डबा परत पुढे सरकवला. "चालशे, बेन."

मी सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा नाकावरच होता. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"नहीं चाले," मी म्हणालो.

दुकानदार मुकाट्याने दुसरा डबा काढायला शिडीवर चढला. शिर्केबेन शेजारच्या स्टुलावर ऐसपैस बसल्या आणि पदराने वारा घेत म्हणाल्या, "चला, आता मी निवृत्त झाले."