कॅसेटवर नाव नव्हतं

गुजराती मुलखातल्या साड्यांच्या शहरात, गोडादरा वस्तीत, आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. साडी पसरली की पाय ठेवायला जागा उरत नसे, मग मी आणि भाऊ उंबऱ्यावर बसून जेवायचो. गोंदाच्या वासानं डोकं उठायचं. माझे वडील, नाना, संचाखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कार्ड पाडायचे. साडीची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायची आणि त्या चौकटींप्रमाणे पुठ्ठ्याला भोकं पाडायची. माग त्या भोकांवरून विणतो. नानांची शाळा चौथीत सुटली. मी बी.कॉम. झाले, आमच्या घरात पहिली. हे मी कुठंही सांगते.

नानांच्या शेठच्या घरून टाकून दिलेला जुना व्हिडिओ गेम आमच्याकडे आला होता, सोबत एकच कॅसेट. खेळायचा भाऊ, धून पाठ झाली मला. कॉलेज संपल्यावर मी ती टीव्हीच्या पिनेतून लॅपटॉपवर घेतली, कापली, संथ केली आणि खाली ढोल बसवला. आमच्याच शहरातल्या कतारगामचा एक प्रोड्यूसर रॅपच्या गाण्यांचा अल्बम करत होता. त्याला फोनवर ऐकवली, तर म्हणाला, "घेतली! सॅम्पलची परवानगी आहे ना?"

"कसली परवानगी? कॅसेटवर कुणाचं नावच नाहीये."

तो इतका हसला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अरे बेन, नाम नहीं तो मालिक नहीं? कॉमर्स पढी है ना तू?"

कानशिलं तापली माझी. साड्यांच्या मार्केटात एक डिझाइन चाललं की आठ दिवसांत सगळ्या दुकानांत तेच दिसतं, आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. धून पण तशीच असते असं मी धरून चालले होते. मग नेटवर शोधलं. ती धून जपानमधल्या एका बाईनं लिहिली होती. कंपनीत पगारी नोकर होती ती, आणि मूळ गेममध्येसुद्धा तिचं खरं नाव दिलेलं नव्हतं. मी सुन्न झाले. इतकी वर्षं ते यंत्रच आपोआप वाजतंय असं मला वाटत होतं.

प्रोड्यूसरनं चार दिवस दिले. परवानगी आण नाहीतर दुसरी बीट दे, नाहीतर अल्बममधून बाहेर. कंपनीला मेल टाकला, उत्तर आलं नाही. शेवटी मी मार्केटचीच रीत धरली. दोन सूर सरकवायचे, एक गाळायचा, कुणाला कळतंय!

सुट्टीची दुपार होती. एव्हाना आमच्या दोन खोल्या झाल्या होत्या, आई आतल्या खोलीत स्वयंपाक करत होती. नाना चहा घेऊन मागं येऊन उभे राहिले. पडद्यावर चौकटी होत्या, त्यांत रंगीत ठोकळे. जितका लांब ठोकळा, तितका लांब सूर.

"हाई तं कार्ड शे," नाना म्हणाले. मग बोट लावून सांगितलं, "हाई भोक आत्ते सरकाडं तू. का बरं?"

मी थक्क. कानांनी त्यांना धड ऐकू येत नाही, आणि माझी लबाडी त्यांनी डोळ्यांनी पकडली. मी सगळं सांगितलं.

नाना खाली बसले. "तुनी माय ज्या मोराले टिकल्या लावे ना, तो मोर मन्हा व्हता."

"कोणता मोर?"

"आख्ख्या मार्केटमा चालना तो. मी काढेल व्हता. एक पीस कमी करी सन सगळासनी उचलना. कोनी इचारं बी नही."

आई आतून ओरडली, "काय म्हनतस? आन माले इतला वरीस सांगं नही?"

"काय सांगतू? तुले टिकलीना पैसा भेटेत ना."

आई हातातला तवा तसाच धरून दारात आली. मला तर रडावं की भांडावं तेच कळेना. शेकडो साड्यांवर तो मोर माझ्या डोळ्यांसमोरून गेला होता, मी त्याच्या शेजारी बसून अभ्यास केला होता.

मी ती सबंध धून पुसली. प्रोड्यूसरला फोन करून खरं सांगितलं आणि आणखी दोन दिवस मागितले. "ठीक आहे, पण मग धून पूर्ण नवी असली पाहिजे," तो म्हणाला. जुन्या गेमला असतात तसे चार आवाज मी स्वतः बनवले आणि कोऱ्या चौकटींवर माझी धून बसवली.

तिच्यावर अल्बममधलं तिसरं गाणं झालं. तिथं 'संगीत' या शब्दापुढे माझं पूर्ण नाव छापलं आहे.