खाटेची उजवी बाजू

लॉकडाऊन लागला तेव्हा गोंदियाचं आमचं नर्सिंगचं होस्टेल घाईघाईने रिकामं केलं. लवकरच परत येऊ असं वाटलं, म्हणून मी कपडे तेवढे घेतले. पुस्तकं पेटीतच राहिली. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या गावी आले आणि मग महिने गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अडलेलं विचारायला घरात कोणी नव्हतं. होत्या त्या फक्त आम्हाला बाळंतपण शिकवणाऱ्या मॅडम, त्याही मोबाईलवर.

मॅडमची ड्यूटी कोविड वॉर्डात लागली होती. घरी लहान मुलगी, म्हणून त्या होस्टेलच्याच एका खोलीत राहायच्या. ड्यूटीवरून आल्या की मोबाईल टेबलावर टेकवून आमच्यासाठी व्हिडिओ करायच्या. नाकावर मास्कचे वळ तसेच दिसायचे. गरोदर बाईचं पोट तपासायला त्यांनी आम्हाला असंच शिकवलं. चिंध्यांचं बाळ करायचं, त्याला नारळाचं डोकं लावायचं, ते उशीच्या खोळीत भरायचं आणि एका टोकाला आईचं डोकं म्हणून वाटी ठेवायची. मग डोळे मिटून हातांनी ओळखायचं. कडक गोल लागलं तर डोकं, मऊ लागलं तर ढुंगण, सपाट लागली तर पाठ.

नेटवर्क गावच्या तळ्याच्या, म्हणजे बोडीच्या पाळीवरच यायचं. तिथे व्हिडिओ उतरवून घ्यायची आणि घरी सराव करायची. वहिनी तांदूळ निवडता निवडता बघायची.

"काऊन वो बाई, उशीले कळा येऊन राहिल्या का?"

"गप ना वैनी."

"नाही, मनलं बारशाची तयारी करून ठेवू."

एकदा मॅडमनी वर्गाच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजातला निरोप पाठवला. बोलता बोलता त्या थांबत होत्या. "मुलींनो, हात मोबाईलवर शिकतात का, मला खरंच माहीत नाही. परत आल्यावर हे तुमच्या हातात उतरलेलं दिसलं नाही, तर मी शिकवणं सोडून कायमची वॉर्डात जाईन. तुम्हाला फसवल्यासारखं वाटतं मला."

मी फक्त 'नको मॅडम' एवढं लिहिलं. त्या गेल्या असत्या तर मी पुढे टिकले असते की नाही, आजही सांगता येत नाही.

अखेर आम्हाला परत बोलावलं. प्रसूती वॉर्डात तिरोड्याकडची एक बाई होती, दिवस भरत आलेली. मॅडमनी मला तपासायला सांगितलं. मी जाऊन तिच्या डाव्या हाताला उभी राहिले.

"अगं, उजवीकडून तपासायचं असतं ना?" म्हणत त्यांनी दुसरीला बोलावलं. तीही डावीकडेच गेली. तिसरीही.

बाई वैतागली. "सगळ्या इकडंच कायले येऊन राहिल्या वो? पंख्याखाली उभं राहाले?"

"मॅडम, व्हिडिओत तुम्ही याच बाजूला होता," मी चाचरत म्हणाले.

त्यांनी मोबाईल काढून बघितलं. सेल्फी कॅमेऱ्याने घेतलेला तो व्हिडिओ आरशासारखा उलटा साठवला गेला होता. उजवं ते डावं झालं होतं, आणि सगळा वर्ग इतके महिने उलट्या बाजूने शिकला होता. मॅडम स्टुलावर बसल्या.

"संपलं," एवढंच म्हणाल्या.

मला फार भीती वाटली. बाळाची नाही, त्या शिकवणं सोडतील याची.

"मॅडम, एकदा उजवीकडून बघू?"

त्यांनी मानेनेच हो म्हटलं. मी खाटेला वळसा घातला, हात लावू का म्हणून बाईला विचारलं, हात चोळून गरम केले आणि पोटावर ठेवले. आधी काहीच कळेना. मग डोळे मिटले.

"वर मऊ लागतंय. डोकं खाली आहे. पाठ... पाठ आईच्या डावीकडे."

"मग ठोके कुठे ऐकशील?" त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या.

बेंबीच्या खाली, डावीकडे मी ठोके ऐकायची नळी टेकवून कान लावला. पहिल्यांदा माझाच श्वास ऐकू आला. मग त्याच्या आतून ठोके आले, भरभर.

"आहेत, मॅडम."

मॅडम उठल्या. नळी पुसून त्यांनी स्वतः कान लावला. बराच वेळ ऐकत राहिल्या.

"बरं हाय ना माहं लेकरू?" बाईने विचारलं.

"छान आहे," मॅडम म्हणाल्या. मास्कच्या वर त्यांचे डोळे भरले होते. मग त्या आमच्याकडे वळल्या, आवाज नेहमीसारखा कडक.

"बघत काय उभ्या राहिलात? पुढची कोण? हात गरम करून ये."

दुसऱ्या दिवशीचा वर्ग त्यांनीच घेतला. त्यानंतरचेही.