चावी दिली की माणूस हरवतो

आमच्याकडे जेवायला बसलं की कुणीतरी म्हणतं, "त्या दिवशीचं सांगितलं का?" आणि मग पानातला भात निवतो. किस्से असेच साठत जातात. आता तर एका किश्शातलं गिऱ्हाईक दुसऱ्या किश्शात शिरायला लागलंय, आणि खरं काय घडलं होतं यावरून आमच्यातच वाद होतात. म्हटलं, गोंधळ आणखी वाढायच्या आत काही सांगून टाकावेत.

आधी आम्ही कोण ते सांगते. माझे धाकटे दीर, वसंतभावजी, नागोठण्याच्या एका कंपनीत शिफ्टा करून निवृत्त झाले. त्यांच्या हाताशी वेळ आला आणि पनवेलच्या बाजूला विमानतळ आलं. भावजींनी भाड्याने द्यायला गाड्या घेतल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या एकाच मॉडेलच्या. विमानातून उतरलेल्या माणसाने चावी घ्यायची, अलिबाग, काशीद, मुरुड, हवं तिकडे स्वतः चालवत जायचं आणि जाताना गाडी विमानतळावर परत द्यायची. पेणच्या घरून गाडी पोचवणं-आणणं भावजींकडे. फोन माझ्याकडे, कारण पेणच्या शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला, तेव्हा रस्ते हिला कळणारच असं सगळे धरून चालले. माझे यजमान गणिताचे. त्यांना घरीदारी सगळे सरच म्हणतात. ते धंद्यात काही करत नाहीत, फक्त शेवटी बोलतात.

* * *

अगदी सुरुवातीचं गिऱ्हाईक म्हणजे नागपूरचे एक गृहस्थ. बँकेतून निवृत्त, एकटेच आले होते. गाडी मुलाने फोनवरून ठरवलेली. भावजींनी त्यांना गाडीपाशी नेलं, बॅग डिकीत ठेवली, चावी हातात दिली आणि प्रवास सुखाचा होवो म्हणून चहा प्यायला गेले.

चहा घेऊन परत येतात तो गाडी तिथेच. गृहस्थ मागच्या सीटवर बसलेले, काचा बंद, कपाळावर घाम. भावजींना वाटलं, बरं नसेल. त्यांनी दार उघडून विचारलं. गृहस्थ म्हणाले, बरं आहे, निघू या का आता?

भावजी म्हणाले, निघा की. ते म्हणाले, हो, निघा. असं दोघांनी एकमेकांना बराच वेळ निघायला सांगितलं. शेवटी भावजींनी चावी कुठे आहे ते विचारलं. गृहस्थांनी ती खिशातून जपून काढली. तिला पितळी बिल्ला आहे, त्यावर आमच्याकडचा गाडीचा नंबर, चार.

"चार नंबर म्हणजे तळमजलाच ना?" ते म्हणाले. "माझे गुडघे दुखतात. जिना नको."

त्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती. मुलाला वाटलं गाडी म्हणजे ड्रायव्हरसकट, आणि आम्हाला वाटलं माणूस म्हणजे लायसनसकट. भावजींनीच त्यांना काशीदला सोडलं. वाटेत ते भावजींना म्हणाले, तुमच्या हॉटेलची एक गोष्ट आवडली, रूमची चावी विमानतळावरच देता.

* * *

आता माझं सांगते, म्हणजे पक्षपात नको.

नवीन लग्न झालेलं एक जोडपं, छत्तीसगडकडचं, पण मराठी बोलणारं. त्यांचं रिसॉर्ट नागावला होतं. दुपारी फोन आला. मुलगा म्हणाला, मॅडम, नागावला पोचलो, रिसॉर्ट सापडत नाही. मागून मुलीचा आवाज येत होता, आणि तो काही लाडाचा नव्हता.

मी विचारलं, समुद्र दिसतो? दिसतो. नारळाची झाडं? आहेत. मग मी निर्धास्त झाले. समुद्र उजव्या हाताला ठेवा, देऊळ लागेल, तिथून आत वळा. देऊळ लागलं. आत वळले. रिसॉर्ट नाही. मी म्हटलं, लोकांना विचारा. लोक म्हणाले, नागाव हेच, पण असलं रिसॉर्ट इथे नाय. मी म्हटलं, लोकांना माहीत नसेल, नवीन आहे. किनाऱ्याने पुढे जा. ते बिचारे गेले. मी डोळे मिटून, नकाशा मनात आणून, त्यांना आख्खं गाव फिरवलं. मुलगी आता फोनच्या अगदी जवळ येऊन बोलत होती. लग्नाआधीही हा असाच होता, असं ती मला सांगत होती.

शेवटी मी विचारलं, आणखी काय दिसतंय? मुलगा म्हणाला, कंपनीच्या चिमण्या.

मी डोळे उघडले. अलिबागच्या नागावला चिमण्या कुठल्या! ते उरणच्या नागावला होते. तिथेही समुद्र, तिथेही माड, तिथेही देऊळ. मोबाइलने त्यांना जवळचं नागाव दाखवलं आणि मी त्यांना ते पुरतं हिंडवून आणलं.

मी माफी मागितली. मुलीने फोन घेतला आणि शांतपणे म्हणाली, म्हणजे चूक याची नव्हती? मी म्हटलं, नाही गं, माझी. तशी ती रडायलाच लागली, कारण तोवर तिने सासूला फोन करून सगळं सांगितलं होतं.

सर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "आणि भूगोलात पोरांना मार्क तू देत होतीस."

* * *

रोह्याचे एक गृहस्थ मात्र नकाशा नकोच म्हणाले. जन्म रोह्याचा, शाळा रोह्याची, मग परदेशात गेलेले. बहिणीशी बोलणं बंद होतं, ती आता आजारी होती म्हणून आले होते. भावजींनी रस्ता सांगायला सुरुवात केली तर म्हणाले, मला सांगता?

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. नवा हायवे, त्यावरचे पूल, खालून जाणारे रस्ते. ते नागोठण्याच्या पुढे निघून गेले होते. वळून आले ते मागे वडखळला. पुन्हा गेले, पुन्हा पुढे. तिसऱ्या फोनला त्यांचा आवाज बदलला होता.

"वहिनी, रोहा हलवलंय का कुणी?"

मी हसणार होते, पण हसले नाही. घराजवळ येऊन घर न सापडणं कसलं असतं ते त्या आवाजात कळत होतं. त्यांनी मग गाडी नागोठण्याला एका दुकानासमोर लावली आणि एसटीने गेले. लहानपणी जसे जायचे तसे. एसटीने बरोबर बहिणीच्या आळीच्या तोंडाशी उतरवलं.

गाडी परत द्यायला आले तेव्हा शेजारी बहीण बसलेली होती. रस्ता दाखवायला म्हणून आली होती. भावजी सांगतात, दोघं विमानतळापर्यंत भांडत आली असावीत, कारण उतरल्यावरही ती म्हणत होती की खारपाड्याला तू माझं ऐकायला हवं होतंस. आणि तो तिची पिशवी धरून उभा होता. आत जायचं सोडून.

* * *

गणपतीचा किस्सा भावजी सांगत नाहीत, त्यांना अजून नीट उलगडलेला नाही.

बेंगळुरूचं एक कुटुंब परत जाताना पेणजवळच्या जोह्याला थांबलं. तिथल्या गणपतीच्या कारखान्यांत रांगेने मांडलेल्या मूर्ती बघून त्यांनीही एक घेतली, न रंगवलेली, डोळ्यांची आखणीही न झालेली. विमानतळावर कळलं की एवढी मोठी मूर्ती हातात घेऊन विमानात बसता येणार नाही. वेळ झाली होती. त्यांनी मूर्ती गाडीतच ठेवली, पुढच्या सीटवर, पट्टा लावून.

भावजी तशीच गाडी घेऊन निघाले. पनवेलला पोलिसाने अडवायला हात वर केला, आत बघितलं आणि दुसरा हात त्याला जोडला.

घरी आणल्यावर प्रश्न. मूर्ती जमिनीवर कशी ठेवायची? देव्हाऱ्यात ठेवावी तर प्रतिष्ठा झालेली नाही. जाऊबाईंनी विचारलं, नैवेद्याचं काय? सर म्हणाले, डोळे नाहीत म्हणजे अजून पाहुणा आहे. पण पाहुण्याला तरी उपाशी ठेवतात का, असं जाऊबाई म्हणाल्या. आम्ही सगळे त्याच्यासमोर हळू आवाजात बोलायला लागलो. टीव्ही लावायचा तरी अवघडल्यासारखं व्हायचं.

शेवटी भावजी आणि मी ती जोह्याच्या कारखान्यात परत ठेवून आलो. मूर्तिकारांनी ती ओळीत ठेवली. घरी पोचत नाही तोच बेंगळुरूचा फोन: आमचा भाऊ गाडीने येतोय, आमचा गणपती त्याच्याकडे द्या.

दोन दिवसांनी आम्ही परत जोह्याला. भाऊ थेट तिथेच आला होता. ओळीत सगळे सारखे, सगळे पांढरे, सगळे बिनडोळ्यांचे. भावजींनी शपथेवर एक दाखवला. मी शपथेवर दुसरा. मूर्तिकार म्हणाले, मला इचारू नका, मी त्यांच्याकडं रंगवताना बघतो.

भावाने तिसराच उचलला आणि नमस्कार करून निघून गेला.

* * *

आणि हा अलीकडचा.

दिल्लीकडचं एक तरुण जोडपं काशीदहून रोहामार्गे परत आलं. त्यांना उशीर झाला होता. भावजींच्या हातात चावी टाकून दोघं आत धावली. भावजी गाडीत बसले, आरसा नीट केला, तर मागच्या सीटवर एक म्हातारी झोपलेली. नऊवारी, मांडीवर पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या.

भावजींनी तिथूनच मला फोन लावला.

"वहिनी, पार्टी आजीला टाकून गेली."

मी म्हटलं, काय टाकून गेली? ते म्हणाले, आजीला, जिवंत आहे, झोपलीय. दोघांचे फोन बंद, विमानात बसले असणार. विमानतळाच्या दारावरच्या शिपायाने, हे माझं काम नाही म्हणून हात वर केले. भावजींना तिला उठवायचा धीर होत नव्हता. उठवून सांगायचं काय?

आपण अशा गोष्टी ऐकलेल्या असतात. देवळात बसवून जातात, दवाखान्यात सोडून जातात. आता विमानतळावर, आणि तेही आमच्या गाडीत. मी भावजींना म्हटलं, घरी घेऊन या, तिला काही बोलू नका.

पेणला दारात गाडी थांबली तेव्हा आजी जागी झाली. उतरली, पाय धुतले, पदराने तोंड पुसलं. मी पान वाढलं. आजी भात-आमटी पोटभर जेवली, दोनदा मागून घेतली. मला वाटलं, केव्हापासून उपाशी ठेवलं असेल मेल्यांनी. सर पोलीस स्टेशनला जायचे कपडे करून बसले होते.

मी तिच्या जवळ बसले आणि हळूच विचारलं, आजी, तुमची माणसं कुठे गेली?

तिने छताकडे बघितलं. "गेली गो सगली. मीच रायले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचा हात धरला आणि सांगितलं, हवं तितके दिवस इथेच राहा, आपलंच घर समजा. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, बाय, तू बरी हायस ना?

तेवढ्यात भावजींचा फोन वाजला. तीच दोघं, विमान उतरलं होतं. मी फोन हिसकावून घेतला आणि येईल त्या हिंदीत त्यांना झापलं. आजीला असं टाकून जाता, लाज नाही वाटत? मुलाने घाबरत विचारलं, कुठली आजी?

मग कळलं. रोह्याहून येताना निडी गावाजवळ ते चहाला थांबले होते. परत आले तर ही मागे बसलेली. पेण, पेण म्हणत होती. पेणला त्यांनी गाडी थांबवून हाका मारल्या, पण ती गाढ झोपलेली. मग त्यांनी विचार केला, विमानतळावरून गाडी परत पेणलाच जाणार आहे.

"हमको लगा," मुलगा म्हणाला, "वो गाडी के साथ ही आती हैं."

मी फोन ठेवला. आजी दारात उभी राहून चपला शोधत होती. लेकीकडे जायचंय म्हणाली, इथून जवळच राहते.

"ह्ये पेणच ना?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, पेणच.

तिने शेंगांतल्या निम्म्या काढून माझ्या हातात दिल्या आणि भावजींकडे वळली.

"गाडी चांगली हाय तुमची. जेवान पण देता. परतीची कवा सुटते?"