उसने खिळे

१९७४ सालचा उन्हाळा. चैत्र सरत आला होता, लग्नसराई ऐन भरात होती आणि वाशिमच्या आमच्या छापखान्यात पंखा नव्हता. तिथून सुरू करतो.

छापखान्यात खिळ्यांच्या केसखाली, म्हणजे छापायच्या अक्षरांच्या खणांच्या ट्रेखाली, एक लाकडी पेटी असते. खाली पडलेले, एकमेकांत मिसळलेले खिळे त्या पेटीत टाकायचे. 'सवडीनं निवडू' असं प्रत्येक जण म्हणतो. कोणी निवडत नाही. पेटी भरते. माझ्याजवळच्या किश्शांचं तसंच झालं आहे. आता सवड आहे. निवडतो.

मी पुंडलिक. गाव इंझोरी. शिक्षण चौथी. काम कंपोझिटरचं, म्हणजे शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवायची. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. ते मी इतरांच्या सुलट्या वाचण्यापेक्षा लवकर वाचतो. बढाई नाही. खरं आहे.

मालक बापूसाहेब. मशिनवर रहीम. आमच्याकडे लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि दर शुक्रवारी एक साप्ताहिक छापलं जाई. साप्ताहिकही बापूसाहेबांचंच.

त्या उन्हाळ्यात साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर अर्धा कॉलम रिकामा राहिला. नेमके तेव्हाच शेलूबाजारचे गावंडे मास्तर सुट्टीत वाशिमला आले होते. पिशवीतून चार कागद काढून म्हणाले, "घरचंच आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ दिगंबर. वाटणी झाली, अंगणात भिंत झाली, बोलणं बंद झालं. छापता का?"

बापूसाहेब म्हणाले, "अर्ध्या कॉलमात बसते काय?"

बसलं. मीच बसवलं. पुढच्या आठवड्यात पोस्टमन पत्रांचा गठ्ठा घेऊन आला. सगळी मास्तरांना! एका बाईनं लिहिलं होतं, 'वाचताना भाकर करपली.'

रहीम म्हणाला, "एक भाई से झगडा, तो इतनी चिठ्ठी? हमारे घर में चार भाई, चार चूल्हे! मुझे छापो, साल भर चलेगा!"

सगळे हसले. मी हसलो नाही.

०

मास्तरांचा लेख दर शुक्रवारी येऊ लागला. एकदा धनजची एक बाई पोराच्या लग्नाची पत्रिका छापायला आली. मजकूर राहिला बाजूला. पदराखालून आमचाच अंक काढून म्हणाली, "हे मास्तर कुठं बसते? त्याईची सही पाह्यजे."

बापूसाहेबांनी सांगितलं, मास्तर शेलूबाजारला असतात.

बाईनं अंक उलटापालटा केला. कडेला शाईचं काळं बोट उमटलेलं होतं. "आन् हे काय हो?"

मी केसवरून म्हणालो, "ते माही सही हाय."

बाईनं पदरानं ती पुसून पाहिली. गेली नाही. तेवढंच समाधान!

०

मग एका शुक्रवारी खुद्द दिगंबर आला. लेखातला भाऊ. उंच, दणकट, काखेत अंकांची गुंडाळी. बापूसाहेब सुपारी कातरत होते, अडकित्ता हातातच राहिला. रहीमनं मशिन थांबवलं. अब्रूचा दावा लावतो की हाणतो, एवढंच ठरायचं होतं.

दिगंबर म्हणाला, "भिंतीचं काय छापलं तुमी? सहा फूट! माही भिंत चार फुटाची हाय."

बापूसाहेब म्हणाले, "चुकलं असंल. दुरुस्ती छापतो."

"दुरुस्ती नको. छापून झालं ना आता? मी दोन फूट वाढवून राह्यलो. लोकं पाह्याले येते, त्याईले खोटं नाई दिसलं पाह्यजे. आन् दहा अंक द्या. सासरवाडीले धाडाचे हाय."

अंक बांधून देता देता मी विचारलं, "मास्तरशी बोलणं नाई ना तुमचं?"

"बिलकुल नाई!" तो म्हणाला. "लेखापुरतं बोलतो. त्याले जुनं काही आठोत नाई. रविवारी भिंतीवरून मीच सांगतो."

रहीम पोट धरून हसला. मला ते झोंबलं. ज्यांचं बोलणं बंद, ते दर रविवारी बोलत होते!

०

आता माझं सांगतो. एकदाच सांगतो.

मलाही धाकटा भाऊ होता. नामदेव. बाप लवकर गेला. मी चौथीनंतर छापखान्यात लागलो आणि नामाला मॅट्रिक केलं. मग त्याला याच छापखान्यात आणलं, माझ्याशेजारी उभं केलं, खिळा कसा धरायचा ते शिकवलं. तो वर्षभरात माझ्याइतका भरभर जुळवायला लागला. मला आनंद व्हायला हवा होता.

एकदा माझ्या हातून एका लग्नपत्रिकेत मुलीच्या बापाच्या नावाआधी 'कै.' लागलं. बाप जिवंत! आदल्या पत्रिकेतला बाप खरंच गेलेला होता. त्याची जुळवलेली ओळ तशीच ठेवून मी फक्त नाव बदललं होतं. सगळे कंपोझिटर असंच करतात. फक्त 'कै.' काढायचं राहिलं. पत्रिका गावभर वाटल्या गेल्या. एक सोयरा तर सांत्वनाला दुखवट्याची टोपी घेऊन पोचला आणि दार उघडायला 'कैलासवासी'च आले!

ते गृहस्थ छापखान्यात येऊन ओरडून गेले. बापूसाहेब मला बोलले. ते मी ऐकून घेतलं. पण नामा सगळ्यांदेखत म्हणाला, "भाऊ चौथी शिकला हाय, मालक. नावागावाचं काम त्याले देत जाऊ नका. मले द्या."

मी म्हणालो, "उद्यापासून माया केसले हात लावू नको."

तो त्याच दिवशी गेला. पुढे कारंज्यात त्यानं स्वतःचं पायानं चालवायचं ट्रेडल मशिन टाकलं. या गोष्टीला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत एक शब्द नाही. भिंतीवरूनही नाही.

असं घर माझं. आणि रडणं छापलं जाई मास्तरांचं!

०

एका लेखात मास्तरांनी लिहिलं होतं, 'दिगंबर वेगळा झाला आणि माझ्या नयनांत आसवांचे पूर दाटले.' मी ती ओळ जुळवायला घेतली आणि हात थांबला. पूर! सगळ्यांच्याच डोळ्यांत पूर येतो. मी मास्तरांचा पूर सोडून दिला आणि त्या जागी दुसरं जुळवलं:

'तो गेल्यावर आठ दिवस आईनं त्याचं ताट मांडलं. नवव्या दिवशी मी ते पालथं घातलं.'

हे माझ्या घरचं होतं. प्रूफ बापूसाहेब वाचत, तेही सुपारी कातरता कातरता. गेलं छापून!

त्या आठवड्यात पोस्टमनला पिशवी पुरली नाही. पत्रांत फक्त ताट. 'ताटाची ओळ वाचून आमचे हे उठून भावाकडे गेले.' 'ताटाची ओळ पाटीवर लिहून ठेवली आहे.' मास्तर आले. अंक उघडून त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं. मग अंकाची घडी घालून पिशवीत ठेवली.

आषाढात वाचनालयात मास्तरांचा सत्कार झाला. हार, नारळ, लाऊडस्पीकर. मास्तरांनी लेख वाचला. ताटाच्या ओळीला त्यांचा आवाज असा कापला की पहिल्या रांगेत पदर डोळ्यांना लागले. टाळ्यांचा कडकडाट. मी शेवटच्या रांगेत होतो. मीही वाजवल्या. दोन.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर गर्दीतून माझ्यापर्यंत आले. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "पुंडलिकराव, चांगलं जुळवलंत."

जुळवलंत म्हणे! लिहिलंत नाही.

०

मग मी ठरवलं, आपणच लिहायचं. दोनशे पानी वही आणली. रविवारी दुपारी मांडी घालून बसलो. लिहिणं येतं मला, पण हाताला खिळ्याची सवय. पेन हलेना. तासाभरानं एक ओळ उतरली. बायको शेवंता चौथी शिकलेली, माझ्याइतकीच. खांद्यावरून वाकून तिनं ती मोठ्यानं वाचली:

"आमचे येथे श्रीकृपेकरून..."

मग म्हणाली, "कोनाचं लगन हाय?"

वीस वर्षं लग्नपत्रिका जुळवल्यावर हात दुसरं काय लिहिणार! आणि आमच्या घरात तर छप्पनला बौद्ध दीक्षा घेतल्यापासून श्रीकृपेचा संबंधच राहिला नव्हता. शेवंता तोंडाला पदर लावून हसत चुलीपाशी गेली. तिथूनच म्हणाली, "लिवून काय करता? नामाभाऊजीले दोन शब्द बोलून या ना. कारंजं काय लंडन हाय?"

मी वही मिटली.

तरी सोमवारी बापूसाहेबांना म्हणालो, "मालक, भावाबद्दल मले पण काही लिवाचं हाय. मास्तरसारखं."

बापूसाहेब खरोखर घाबरले. "पुंडलिक, तू लिवाले लागला तर जुळवन कोन?"

०

दिवाळी अंक आला. मास्तरांच्या नावावर जाहिराती मिळाल्या होत्या, म्हणून बापूसाहेबांनी त्यांची एकवीस पानांची गोष्ट घेतली. सगळी दोन भावांची. निम्म्यावर आलो आणि केसचे खण खडखडले. अर्धी गोष्ट जुळवून दोऱ्यानं बांधून पडलेली, खिळे त्यात अडकलेले, पुढच्या पानांना खिळे नाहीत.

बापूसाहेब म्हणाले, "याच वळणाचे खिळे कारंज्यात नामदेवकडं हाय. तुया भावाकडून एक केस उसनी आन."

"मी नाई जात."

"मंग दिवाळी अंक शिमग्याले काढू काय?"

रहीम गेला. संध्याकाळच्या बसनं केस घेऊन परत आला. मी विचारलं नाही, तरी त्यानं सांगितलं.

"केस दे दी. फिर पूछा, जुळवणार कोन? मैंने बोला, पुंडलिकभाऊ. तो बोला, रुक. केस वापस ली. घंटाभर बैठा. घिसे हुए खिळे चुनचुनके निकाले और नये डाले."

मी म्हणालो, "घमेंड. आपलं नवं सामान दाखवते."

रहीम म्हणाला, "और बोला, रीत माहीत हाय ना भाऊले?"

रीत माहीत होती. मीच त्याला शिकवली होती. उसने आणलेले खिळे ज्याच्या हातानं वापरले, त्यानंच परत नेऊन द्यायचे. त्याशिवाय उसनं फिटत नाही.

अंक निघाला. मास्तरांची गोष्ट गाजली. अमरावतीहून बोलावणं आलं, अकोल्याहून आलं. दिगंबर बरोबर गेला, असं कळलं. भाऊ म्हणून दाखवायला!

०

कार्तिकात कपाशीची वेचणी सुरू झाली आणि रस्त्यानं बैलगाड्या लागल्या, तेव्हा बापूसाहेब म्हणाले, "त्याचे खिळे देऊन ये आता. महिना झाला."

मी खिळे रॉकेलनं धुतले, वाळवले आणि केसमध्ये भरले. मग त्याच खिळ्यांतून सात ओळी जुळवल्या. कागद नव्हता, वही नव्हती. हात आपोआप चालला. पत्रिकेतल्या 'कै.'पासून आईनं मांडलेल्या ताटापर्यंत. शेवटच्या ओळीत चूक कोणाची होती ते होतं. सात ओळी दोऱ्यानं घट्ट बांधल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, केस डोक्यावर घेतली आणि कारंज्याची बस धरली. मास्तरांच्या शेलूबाजारला खिडकीतून बाहेर पाहिलं नाही.

नामा केसपुढं उभा होता. कानशिलांवरचे केस पिकले होते. कमरेत जरा वाकून, डावा खांदा वर, तसाच उभा. मी शिकवलं होतं तसा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, हातातली ओळ पुरी केली, मग हात पुसले.

मी केस खाली ठेवली. वर ते पुडकं ठेवलं.

तो म्हणाला, "हे काय?"

"तुयेच खिळे हाय. केसमंधले."

"सुटे नाई केले?"

"नाई."

त्यानं कागद सोडला. खिडकीजवळ नेऊन उजेडात धरलं. त्याला छापून पाहायची गरज नव्हती. उलट्या अक्षरांवरून त्याचं बोट फिरू लागलं. पहिली ओळ. दुसरी. सहाव्या ओळीवर, ताटापाशी, बोट थांबलं.

"हे म्या वाचलं होतं, पेपरात," तो म्हणाला. "तवाच म्हटलं बायकोले, हे ताट मास्तरच्या घरचं नाई."

तो सातवी ओळ वाचत होता. ती लहान होती, पण त्याला वेळ लागला.

मग मान वर न करता म्हणाला, "प्रूफ काढू काय?"

"नको."

त्यानं दुसरं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. दोरा सोडला. पहिल्या ओळीपासून एकेक खिळा उचलून तो आपापल्या खणात टाकू लागला. अर्ध्या ओळी त्यानं माझ्यापुढं सरकवल्या. मी त्याच्या केसला हात लावला.

शेवटचा खिळा खणात पडला. उसनं फिटलं.