चेष्टेचा पहिला ड्राफ्ट

आमच्या शाळेच्या कम्प्युटर लॅबमध्ये एक नियम होता: चूक पुसायची नाही, फोल्डरमध्ये ठेवायची. सातवीपासून दहावीपर्यंत मी तो नियम पाळला आणि त्याच नियमाने माझा घात केला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी फ्लिपबुक आणि पोस्टरबद्दल जरा प्रेमाने लिहिणार आहे. कुणाला वाटायला नको की ही शाळेच्या दिवसांची गोड आठवण आहे. गोड काही नाही.

शाळा यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या हद्दीला लागून. नोकरीसाठी दिल्लीला आलेल्या मराठी लोकांनी चालवलेली. अर्ध्या मुलांची घरं माझ्यासारखी, दोन-तीन पिढ्या इथेच मुरलेली. उरलेल्यांचे आईबाप पुण्या-मुंबईहून बदली होऊन नोएडा-गुडगावच्या कंपन्यांत आलेले. दहावीपर्यंत मराठीचा तास सक्तीचा होता. तास संपला की दाराबाहेर पडणारं पहिलं वाक्य हिंदीत असायचं, पण तास होता.

लॅबमध्ये ॲनिमेशन, व्हिडिओ आणि डिझाइन शिकवायला जे सर होते ते पुण्याचे. नोएडातल्या कुठल्याशा स्टुडिओत कार्टूनची कामं करून कंटाळले आणि शाळेत आले. शिकवायचे उत्तम. हे मी नाकारणार नाही. वाईट शिकवणाऱ्या माणसावर कोण विश्वास टाकतं?

माझ्या पहिल्या फ्लिपबुकमध्ये पानं भराभर उलटली की ई-रिक्षा पुढे जायची आणि चाकं मागे फिरायची. सरांनी ते फ्लिपबुक फेकू दिलं नाही. पुढच्या वर्षी आम्ही मातीच्या बाहुल्यांची फिल्म केली, एकेक फोटो काढून. दिव्याच्या उष्णतेने मातीचं नाक मऊ पडत गेलं आणि फिल्मच्या शेवटापर्यंत आमच्या नायकाचं नाक हनुवटीला टेकलं. तेही फोल्डरमध्ये गेलं. नववीत पाणी वाचवण्याचं पोस्टर केलं. त्यात 'नळ' लिहायचा होता आणि लॅबमधल्या हिंदी कीबोर्डवर मला 'ळ' सापडेना. मी इंग्रजी आठाचा आकडा आडवा पाडला, वर रेघ ओढली आणि झाला ळ. मराठीच्या बाई व्हरांड्यातून जाता जाता थांबल्या, पोस्टरकडे बघत म्हणाल्या, "हा ळ आहे की कुणाचा चष्मा राहिलाय?"

प्रत्येक प्रोजेक्टनंतर सरांना एक पान लिहून द्यायचं असे. रिफ्लेक्शन शीट. तीन प्रश्न: काय चुकलं, का चुकलं, पुन्हा केलंस तर काय करशील. सर सांगायचे, खरं लिहिलंत तर मार्क, गोड लिहिलंत तर शून्य. आम्हाला याचं फार अप्रूप वाटायचं. बाकी सगळी शाळा बरोबर उत्तर मागायची. हा एकच माणूस चुकीचं कारण विचारायचा.

बाई त्यातल्या नव्हत्या. त्या हिरव्या पेनाने चुकीचा शब्द खोडायच्या, वर बरोबर शब्द लिहायच्या आणि वही परत द्यायच्या. बोलण्यात मात्र फटकळ, आणि त्यांचं बोलणं आम्हाला अर्धंच कळायचं. दहावीच्या जानेवारीत त्या आम्हाला पानिपतला, तिसऱ्या लढाईचं स्मारक असलेल्या काला अंबला घेऊन गेल्या तेव्हाची गोष्ट. बसमध्ये एका मुलाने निबंध आणला नव्हता. तो म्हणाला, "विश्वास ठेवा ना बाई, उद्या पक्का." बाई म्हणाल्या, "विश्वास पानिपतात गेला." आणि हसण्यासाठी थांबल्या. कुणीच हसलं नाही. एकीने तर विचारलं, कौनसा विश्वास, टेन्थ-बी वाला? तेव्हा बाईंनी सांगितलं की लढाईत पडलेल्या पेशव्यांच्या मुलाचं नाव ते, म्हणून मराठीत अशी म्हण झाली, आणि विनोद समजावून सांगावा लागतो तेव्हा शिक्षकाने राजीनामा द्यावा. हे त्या गमतीने म्हणाल्या होत्या.

त्या सहलीवर मी दहावीची फिल्म केली. तीन मिनिटांची. धुक्यामुळे व्हिडिओ सगळा राखाडी आला होता, पण महाराष्ट्रातून आलेली माणसं त्यात छान दिसत होती: चपला बाहेर काढून आत येणारी, माती कपाळाला लावणारी, काही न बोलता नुसती उभी राहणारी. मध्ये मध्ये मी काढलेलं आंब्याचं झाड होतं, एकेक पान करून काळं पडत जाणारं. त्या झाडावर मी दोन आठवडे घातले. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं: 'आमची एक छोटीशी चेष्टा'.

सरांनी ते वाचलं आणि काही म्हटलं नाही. पुण्याच्या माणसाला ती ओळ खटकली नाही, हे शक्य आहे का? तेव्हा मला हा प्रश्न सुचला नाही. मी फिल्म बाईंना दाखवायला नेली. झाड काळं पडताना त्यांचे डोळे भरले होते. मग ती ओळ आली. त्या पडद्याकडे बघतच राहिल्या.

"अगं, मेलेल्यांची चेष्टा करतेस?"

"बिल्कुल नाही बाई, मनापासून केलीये."

मग त्या हसायला लागल्या, इतक्या की पदर तोंडाला लावावा लागला. चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. मी लाखभर माणसांच्या स्मारकावर लिहून ठेवलं होतं की ही आमची छोटीशी थट्टा आहे. बाईंनी माझ्या वहीत 'प्रयत्न' लिहून दिलं. मी ओळ बदलली. सर म्हणाले, जुनी फाइल उडवू नकोस, 'ड्राफ्ट एक' नाव देऊन ठेव.

आणि मी शीट लिहिली. ती मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. काय चुकलं: चेष्टा हा शब्द. का चुकलं: 'घरी आम्ही मराठीच बोलतो पण अवघड शब्द आला की हिंदी टाकतो. बाई चुकीचा शब्द खोडून बरोबर लिहून देतात, मी का चुकले ते विचारत नाहीत. म्हणून मी शब्द पाठ करते आणि विसरते.' पुन्हा केलं तर: 'आधी बाईंना सगळी स्क्रिप्ट वाचून दाखवीन. मराठीचे तास अजून हवेत. आठवड्यात चार कमी पडतात.' सरांनी खाली तारा काढला आणि लिहिलं, असं प्रामाणिक लिहायला धैर्य लागतं.

पंधरा दिवसांनी शनिवारी पालकसभा होती. सर म्हणाले, तुझी फिल्म दाखवणार आहोत, बाबांना घेऊन ये. मी युनिफॉर्मला इस्त्री केली. बाबाने ऑफिसचा शर्ट घातला. हॉलमध्ये शाळा चालवणाऱ्या समितीची मंडळी पुढे बसली होती, बाई पहिल्या रांगेत कडेला. अध्यक्षांनी सांगितलं की पुढच्या वर्षापासून मराठी ऐच्छिक करायचा आणि ते तास डिजिटल डिझाइनला द्यायचा विचार आहे, आज पालकांचं मत घ्यायचं आहे. मला हे तिथे कळलं. बाईंना मात्र आठवडाभर आधीच कळलं होतं, असं नंतर समजलं.

मग सरांनी फिल्म लावली. झाड काळं पडलं. आणि पडद्यावर आलं, आमची एक छोटीशी चेष्टा.

आधी नोएडावाल्या पालकांमध्ये हसू फुटलं. मग ज्यांना कळलं नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी सांगितलं आणि तेही हसले. मी अर्धी उठून म्हणाले, "सर, हा जुना ड्राफ्ट आहे." सरांनी हाताने बस अशी खूण केली, हसून, जसं लहान मुलाला करतात तशी. पुढची स्लाइड माझी शीट होती. स्कॅन केलेली. नावावर पांढरी पट्टी लावली होती. केवढा सभ्यपणा. फिल्मच्या शेवटी माझं नाव नुकतंच सगळ्यांनी वाचलं होतं.

"हे मी म्हणत नाहीये," सर म्हणाले. "दहा वर्षं मराठी शिकलेली हुशार मुलगी स्वतः लिहितेय."

त्यांनी ते मोठ्याने वाचलं. बाई खोडतात, लिहून देतात, विचारत नाहीत. पाठ करते आणि विसरते. स्लाइड तिथे संपत होती. मला बाईंची फक्त मान दिसत होती. ती हलली नाही.

हात वर करायला सांगितलं तेव्हा मी बाबाकडे बघितलं. त्याने हात वर केला. ऐच्छिकच्या बाजूने.

घरी जाताना मेट्रोत मी त्याला विचारलं, का? तो बिचारा खरंच गोंधळला. म्हणाला, "तूच लिहिलंस ना, विसरतेस म्हणून. उगाच कशाला ओझं?" आमच्या घरात देवघराच्या आरतीपासून भांडणापर्यंत सगळं मराठीत चालतं. आणि माझ्या बापाने माझ्याच वाक्यावर भरवसा ठेवून माझ्या विरुद्ध मत दिलं. त्याच्यावर रागवायलाही जागा राहिली नाही.

सोमवारी मी लॅबमध्ये गेले. सर एका आठवीतल्या मुलीला कॅमेऱ्याची चौकट समजावत होते: काय दाखवायचं यापेक्षा काय बाहेर ठेवायचं ते आधी ठरव. ती जाईपर्यंत मी थांबले.

"तिसरं उत्तर कुठे गेलं?"

"स्लाइडवर मावत नव्हतं."

"दोन ओळी होत्या."

"हे बघ," ते म्हणाले, आवाज जराही न चढवता, "मी तुझा एक शब्द तरी बदलला का?"

नव्हता बदलला. तेच सांगतेय मी. लोकांना वाटतं फसवायला खोटं बोलावं लागतं. चांगल्या माणसाला लागत नाही. त्याला तुमचंच खरं पुरतं, फक्त कापून. मी फोल्डर परत मागितला. सर म्हणाले फोल्डर शाळेचा असतो, आणि तुझ्या हाताला गुण आहे, पुढच्या वर्षी डिझाइन घे.

त्या आठवड्यात मी आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. आता कॉलेजात मी दर महिन्याला लिहिते, तेव्हा एक लिहायला चार दिवस लागले. मागणी एक: मराठीचा तास सक्तीचाच राहिला पाहिजे. त्याखाली मोठ्या अक्षरांत बाईंचं एक वाक्य टाकलं, त्या वर्गात नेहमी म्हणायच्या ते: भाषा ऐच्छिक झाली की ती गेली म्हणून समजा. शंभर प्रती काढल्या आणि गेटवर जायच्या आधी एक घेऊन बाईंकडे गेले. सभेपासून त्या माझ्याशी वर्गात हजेरीपुरतंच बोलत होत्या. मला ते सहन होत नव्हतं. त्यांनी मला फितूर समजू नये, एवढंच मला हवं होतं. मराठीचा तास वगैरे सगळं त्यानंतर.

स्टाफरूममध्ये त्या एकट्या पेपर तपासत होत्या. पत्रक त्यांनी वाचलं, उलटं ठेवलं.

"ती शीट मला का नाही दिलीस?"

"तुम्ही कधी मागितली नाहीत."

हे मला बोलायचं नव्हतं. पण खरं होतं, आणि त्यांनाही ते कळलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे."

मग मी त्यांना तिसरं उत्तर सांगितलं. अजून तास हवेत, चार कमी पडतात. त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, तो पुसलेलाच होता. म्हणाल्या की समितीने त्यांना संमतीचा कागद दिला होता: मराठी ऐच्छिक, आणि त्यांनी अर्धा वेळ लायब्ररी बघायची. आठवडाभर त्यांनी तो तसाच ठेवला होता. सभेनंतर त्याच दुपारी सही केली. "म्हटलं, पोरीलाच नको झालंय, तर मी कुणासाठी भांडू?"

"मग आता सही परत घ्या ना बाई."

"सही परत घ्यायची नसते. आणि मी दमलेय गं." त्यांनी पत्रक माझ्याकडे सरकवलं. "माझं वाक्य काढ यातून. मला विचारून टाकलं नाहीस."

मी भांडले. म्हटलं, हे वाक्य तुमचंच आहे, तुम्ही शंभरदा म्हटलंय, मी एक शब्द बदललेला नाही. आणि माझ्याच कानांनी मला कुणासारखं बोलताना ऐकलं ते इथे लिहायची गरज नाही.

गेटजवळच्या कट्ट्यावर बसून मी शंभर प्रतींवरचं बाईंचं वाक्य मार्करने काळं केलं. हात दुखला. बाईंचा मला त्या वेळी सरांइतकाच राग आला होता आणि तो पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही. लढणाऱ्याच्या पायाखालची जमीन आपलीच माणसं काढून घेतात. नंतर मोर्च्यांमध्ये, संघटनांमध्ये मी हे इतक्या वेळा बघितलं की आता सवय झालीये. तेव्हा नव्हती.

शाळा सुटली. पालक पत्रक घ्यायचे आणि आधी तो काळा पट्टा उजेडात धरून आत काय आहे ते वाचायचा प्रयत्न करायचे. चौथीतल्या मुलाला न्यायला आलेली एक आई थांबली. पुण्याची असावी, बोलण्यावरून.

"इथे काय खोडलंयस?"

"एका बाईंचं म्हणणं होतं. त्यांनी मागे घेतलं."

"मग तुझ्या बाजूने आहे कोण?"

मी सांगितलं, सध्या कुणी नाही.

तिने पत्रक परत दिलं नाही. मुलाच्या पाठीवरचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "बरं, नक्की मागणी काय आहे तुझी? एका वाक्यात सांग, आमची व्हॅन निघेल."

"मराठीचा तास," मी म्हणाले, "आणि माझी शीट. पूर्ण."

पत्रकात फक्त पहिली मागणी छापलेली होती. तिने पर्समधून पेन काढून माझ्यापुढे धरलं. तिच्या प्रतीवर, काळ्या पट्ट्याच्या खाली, मी दुसरी मागणी हाताने लिहून दिली.